बिनसांध्याचं गाणं

निंगप्पा रेकॉर्डला हात लावण्याआधी बोट चाटतो. हे मी मुद्दाम पहिल्यांदा सांगतो, कारण लोक मला विचारतात, चन्नप्पा, तुझं मेव्हण्याशी एवढं वाकडं कशावरून? तर सुरुवात त्या बोटापासून आहे. पानाने रंगलेलं बोट जिभेवर ओढायचं आणि त्याच बोटाने माझी रेकॉर्ड उचलायची. मी ज्या रेकॉर्डी मलमलीच्या फडक्याने पुसून, कडेला धरून, लहान मुलाला पाळण्यात ठेवावं तशा ठेवत आलो, त्यांच्यावर या माणसाची थुंकी. मला त्या दिवसांत जेवण जात नसे.

सोलापुरात नव्या पेठेत कापडाच्या दुकानावरच्या माडीत माझी लाऊडस्पीकरची सर्व्हिस होती. लग्न, बारसं, गणपती, निवडणूक, सगळीकडे माझे कर्णे. चौऱ्याहत्तर साली हा निंगप्पा हुबळीकडच्या कुठल्याशा ऑर्केस्ट्रातून परत आला. तिथे तो पेटी वाजवायचा. ऑर्केस्ट्रा बुडाला, याच्या अंगावर एक रेशमी शर्ट उरला आणि डोक्यात एक खूळ. गौरम्मा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "माझा भाऊ आहे, कुठं जाईल? ठेवून घ्या." मी ठेवून घेतला. घरात शांतता हवी असेल तर काही गोष्टी गिळाव्याच लागतात.

त्याचं खूळ असं. माझ्याकडे एकच प्लेअर होता. एक गाणं संपलं की मी सुई उचलायचो, रेकॉर्ड बदलायचो, तेवढा वेळ मांडव गप्प. त्या वेळात मी माईकवर सांगायचो, वरपक्षाच्या मंडळींनी बसून घ्यावे, एक लहान मुलगी हरवली आहे, निळा परकर आहे. बायका एकमेकींना हाका मारायच्या. आचारी ओरडायचा. लग्नघरालाही श्वास लागतो. निंगप्पाला ती शांतता म्हणजे माझा अडाणीपणा वाटला. त्याने मला दुसरा प्लेअर घ्यायला लावला, आणि पहिलं गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्या पोटातून वर काढायला सुरुवात केली. इकडचं बटण हळूच खाली, तिकडचं हळूच वर.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण नुसतं गाण्याला गाणं लावून त्याचं पोट भरेना. सूर जुळला पाहिजे म्हणे. तो पेटी घेऊन माझ्या माडीत बसला आणि एकेका रेकॉर्डची पट्टी काढत गेला. गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या स्वरावर बसतो ती त्याची पट्टी. हे गाणं काळी एकचं, ते पांढरी चारचं. काळी एकच्या मागे काळी एकच यायला हवं. नाही जमलं तर प्लेअरच्या बाजूचा वेगाचा स्क्रू पिळून रेकॉर्ड जराशी पळवायची किंवा जराशी रेंगाळवायची, म्हणजे सूर वर किंवा खाली सरकतो. गाणारी बाई जन्मात कधी गायली नसेल अशा आवाजात तो तिला गायला लावायचा.

"दाजी, सूर जुळला नाही की कानात खडा जातो," तो म्हणायचा.

"अरे, दोन माणसांनी दोन वेगळ्या दिवशी म्हटलेली दोन गाणी आहेत ती. त्यांची कशाला सोयरीक लावतोस?"

"ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. सांधा कळला की कला गेली."

आणि खोटं कशाला बोलू, तो जुळवायचा ते जुळायचं. मी कान देऊन बसलो तरी कधी कधी पहिलं गाणं कुठे संपलं ते सापडायचं नाही. याचाच मला जास्त संताप यायचा. वाईट वाजवला असता तर हाकलून दिला असता. कालची आमटी आजच्या आमटीत ओतून वाढली तर पंगतीतल्या कुणाला कळत नाही, वर मागून घेतात. पण स्वयंपाकघरात ज्याने ते ओतताना पाहिलं त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. माझं तसं झालं होतं. रडकं गाणं हसऱ्या गाण्यात विरघळायचं, भक्तीचं लावणीत, आणि लोक माना डोलवायचे. कशावर डोलतोय याचं कुणाला सोयरसुतक नाही.

गावात मात्र नाव झालं. नव्या पेठेतल्या निंगप्पाची न तुटणारी गाणी. माझी सर्व्हिस, माझे कर्णे, माझी बायको, आणि नाव निंगप्पाचं.

पुढच्या उन्हाळ्यात सिद्धनाथ आमच्याकडे आला. हा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता, मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरंवाल्या घरातला, पण सोलापुरात येऊन त्याने गाव अंगावरून पार झटकून टाकलं होतं. त्याच्या मुलीचं, मायाक्काचं लग्न होतं. मुलगा अकलूजच्या साखर कारखान्यात कारकून. सिद्धनाथला निंगप्पाच पाहिजे होता. "अकलूजची मानसं हायती," तो म्हणाला. "त्यास्नी वाटलं पायजे की सोलापुरात आलो."

हळदीच्या दिवशी सकाळी मी चाळीपुढच्या मांडवात वायर ओढत होतो, तेव्हा मायाक्का स्वतः माझ्याकडे आली. नवरी मुलगी अशी मांडवात फिरत नाही. पण हिला अडवायला आई नव्हती. दोन वर्षांपूर्वी बाळाबाई, म्हणजे हिची आई, गावाकडेच वारली होती. माहेरी गेली, तापाने पडली, आणि तिथल्याच मातीत तिला ठेवली.

"मामा," मायाक्का म्हणाली, "तुमचा एक कर्णा पश्चिमेला तोंड करून लावाल का?"

"का गं? तिकडे तर नुसती गिरणीची भिंत आहे."

"तिकडं सांगोला हाय की."

मग तिने सगळं सांगितलं. तिची आज्जी केराबाई, आईची आई, गावाहून आली होती. त्यांच्या घरात हळद लावायच्या आधी घरातली थोरली बाई ओवीतून आवतण धाडते. पहिलं देवाला, मग घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. सगळ्यात जुनं माणूस आधी, सगळ्यात नवं शेवटी. नव्या मेलेल्याला वाट ठाऊक नसते, त्याने आधीच्यांच्या मागून यायचं असतं. शेवटचं नाव झालं की हळद. हळद अंगाला लागली की आवतण बंद. त्यानंतर बोलावलं तर चालत नाही.

"शेवटाला आईचं नाव यील," मायाक्का म्हणाली. "आज्जी माईकवर म्हनणार हाय. मीच हट्ट केलाय. आईला लांबनं यायचंय, तिला ऐकू गेलं पायजे. तेवढं नाव मोठ्यानं गेलं की बास. बाकी लग्नात काय का वाजवा."

मी तिला म्हटलं, पोरी, कर्णा लावतो, आणि असा लावतो की सांगोल्यातली मेंढरं मान वर करतील. ती हसली. मग मी निंगप्पाकडे गेलो आणि त्याला बजावलं, "म्हातारी गात असेल तेव्हा प्लेअरला हात लावायचा नाही. ती संपली की मी खूण करीन, मग तुझा धिंगाणा सुरू कर."

"बरं की दाजी," तो म्हणाला आणि बोट चाटलं.

मांडव भरला. अकलूजची माणसंही हळदीलाच येऊन बसली होती, इस्त्रीचे पांढरे सदरे घालून, रुमालाने वारा घेत. सिद्धनाथ त्यांच्यापुढे वाकून वाकून सरबत देत होता. मुलीला पाटावर बसवली. तिने डोळे मिटून घेतले. हळदीची परात पुढे आली, भोवती बायकांचं कडं झालं, आणि केराबाईच्या पुढ्यात मी माईक ठेवला. म्हातारीने त्याच्याकडे कुत्र्याकडे बघावं तसं बघितलं.

"चावत न्हाय न्हवं?"

"नाही, आज्जी. तुम्ही घरात म्हणता तसं म्हणा."

सिद्धनाथ माझ्या कानाशी आला. "म्हातारीला लई लांबवू देऊ नगा," तो पुटपुटला. "पावनं काय म्हनतील? खेडवळ वाटतंय." हा बाळाबाईचा नवरा. त्याच्या तोंडाला मोसंबीच्या सरबताचा वास येत होता आणि मला त्याच्याकडे बघवेना.

मी शिडीने चाळीच्या पत्र्यावर चढलो. पश्चिमेचा कर्णा सकाळी लावला होता तो वाऱ्याने वाकडा झाला होता. पत्रा तव्यासारखा तापलेला. मी उकिडवा बसून काथ्या आवळत होतो, तेवढ्यात खालून ओवी सुरू झाली.

*पयलं आवतन धाडा, बिरोबाच्या दारी,*
*देवा हळदीला यावं, घोंगडं घेऊन खांद्यावरी.*

गोड आवाज नव्हता तो. उन्हात वाळलेला होता, मध्येच फाटायचा. पण कर्ण्यातून निघून गिरणीच्या भिंतीवरून जो पलीकडे गेला, तो ऐकून मी काथ्या आवळायचा थांबलो. केराबाई एक ओवी म्हणायची आणि श्वासाला थांबायची, तेवढ्यात मागच्या बायका शेवटची ओळ उचलून धरायच्या. मग पुन्हा केराबाई. त्यांची रीतच ती. एकीने म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं. आजा आला. आजी आली. कुणी एक मायाप्पा आला, तो विहिरीत पडून गेला होता, त्यालाही मान देऊन बोलावलं. खाली परातीभोवती दोन-तीन जणी पदराने डोळे पुसत होत्या. मायाक्का डोळे मिटून बसली होती, ताठ.

*पाचवं आवतन धाडा, दीर माझा शेनापती,*
*त्याच्या मागनं येनाऱ्यांची, वाटंवर लावा वाती.*

आता शेवटचं नाव, हे मलाही कळलं. वाती लावून झाल्या होत्या, आता लेक यायची होती. केराबाई श्वासाला थांबली. मागच्या बायकांनी ओळ उचलली. किती छान उचलली त्या दिवशी! भरदार, एकसुरात, जणू पन्नास जणी गात आहेत. मी पत्र्यावर बसून मान डोलावली. मग त्या पन्नास जणींमागून ढोलकी आली. मग बासरी.

त्या बायका मांडवातल्या नव्हत्या. त्या रेकॉर्डमधल्या होत्या.

हलकटाने केराबाईची पट्टी शोधून काढली होती. ती पहिली ओवी म्हणत होती तेव्हाच त्याने रेकॉर्डींचा ढीग चाळला, त्याच सुरातलं, बायकांच्या नुसत्या आलापाच्या कोरसने सुरू होणारं एक सिनेमातलं गाणं निवडलं, स्क्रू पिळून उरलासुरला फरक मिटवला आणि म्हातारी श्वासाला थांबते आहे हे बघून खालून सोडलं. माईक हळूच बंद केला. केराबाईला वाटलं आपल्या बायका ओळ झेलतायत. ती रीतीप्रमाणे गप्प राहिली, त्यांचं म्हणून होण्याची वाट बघत. मागच्या बायकांना वाटलं, आवतण झालं, आता गाणं सुरू झालं. त्या उठल्या आणि त्यांनी हळदीच्या परातीत हात घातले.

हे वेडंवाकडं झालं असतं तर कुणीतरी ओरडलं असतं. म्हातारीच्या सुरावर भलताच सूर आदळला असता, कानात खडा गेला असता, बायका थबकल्या असत्या, केराबाईने हात वर करून थांबा म्हटलं असतं. मांडवभर पंचाईत झाली असती आणि आईचं नाव वाचलं असतं. पण खडा कुठे गेलाच नाही. मी तीस-पस्तीस वर्षं कर्ण्यांच्या शेजारी काढली, आणि मी मान डोलावली.

शिडीवरून मी कसा उतरलो ते आठवत नाही. तळहाताचं साल गेलं होतं. खाली मायाक्काच्या गालांना, कपाळाला, दंडांना हळद फासली जात होती आणि बायका हसत, एकमेकींना ढकलत होत्या. त्यांच्या मधोमध केराबाई बंद माईकसमोर बसून होती. तोंड अर्धवट उघडं. लेकीचं नाव त्या तोंडात तसंच होतं. तिने परातीकडे पाहिलं, नातीच्या पिवळ्या गालांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

मी निंगप्पाची गचांडी धरली. "तुला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?"

तो घाबरला नाही. त्याचा चेहरा फुलला होता. खरंच फुलला होता, देवाच्या दारात माणसाचा फुलतो तसा, आणि त्यानेच मला जास्त शिसारी आली.

"दाजी, काळी दोन! म्हातारी काळी दोनमध्ये गात होती, एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. अशी बाई कुठं मिळते? तिला नुसतं तसंच सोडायचं? ऐकलं का तुम्ही वरून?"

"तिचं गाणं संपलं नव्हतं."

"संपलं की. कुणाला तरी तुटल्यासारखं वाटलं का? विचारा की कुणालाही."

आणि विचारायचीही गरज पडली नाही. सिद्धनाथ धावत आला, घामाने निथळत, आणि त्याने निंगप्पाला मिठीच मारली. "काय केलंस गड्या! पावनं इचारत्यात, म्हातारीला सिनेमातलं गानं शिकवलं कुनी म्हून! म्हनत्यात अकलूजला आमच्या मांडवात बी ह्योच मानूस पायजे." निंगप्पाने मान खाली घालून ते कौतुक पिऊन घेतलं. पाहुण्यांतला एकजण लांबून टाळ्या वाजवत होता. बायकोचं नाव गेलं होतं आणि नवऱ्याला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. मला त्या दोघांच्याही अंगावर थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही, कारण थुंकण्याचं काम आमच्याकडे आधीच एकजण करत होता.

तेवढ्यात मायाक्काने हाक मारली. डोळे अजून मिटलेलेच होते, पापण्यांवर हळद होती.

"आज्जे? कुटं हायस?"

"हितं हाय, बाय." केराबाई सरकून तिच्याजवळ गेली.

"आईचं नाव घेतलंस? ह्या बाया इतक्या गलका करत्यात, मला ऐकू आलं न्हाय."

मी निंगप्पाकडे पाहिलं. आता याला पुढे करायचा, याच्याच तोंडून वदवायचं, असं माझ्या मनात आलं. पण तो पुढची रेकॉर्ड कुठल्या पट्टीतली लावावी याच्या विचारात होता. त्याच्या कानावर काही गेलंच नव्हतं. केराबाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग तिने नातीच्या हाताला लागलेली हळद आपल्या बोटाने सारखी केली.

"घेतलं की," ती म्हणाली. "समद्यांच्या मागनं घेतलं. मोठ्यांदा घेतलं."

"मग आली असंल."

"आली की गं."

मायाक्का हसली. हळदीला भेग पडली. तिने तोंड जरा पश्चिमेकडे वळवलं आणि तशीच बसून राहिली.

मला ते सहन झालं नाही. मी गेलो आणि प्लेअर-अँप्लिफायरची मिळून जी एक वायर होती ती भिंतीतून उपटली. गाणं अर्ध्या शब्दावर मेलं. एकदम इतकी शांतता झाली की आचाऱ्याच्या कढईतलं तेल ऐकू यायला लागलं. सिद्धनाथ "काय झालं, काय झालं" करत माझ्या अंगावर धावून आला. निंगप्पा "दाजी, येडं लागलं का तुमाला?" म्हणून ओरडला. अकलूजचे पांढरे सदरे उठून उभे राहिले. मला वाटलं, बरं झालं. आता सगळ्यांसमोर सांगतो, या माणसाने काय खाल्लं ते. म्हातारीला माईक देतो. हळद लागली तर लागली, नाव तर जाऊ दे.

मायाक्काने डोळे उघडले. "आज्जे, गप का झालं?"

केराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. बायकांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आली. माझ्या सालटं गेलेल्या हातातली वायर तिने नुसती बघितली, हिसकावली नाही.

"लाव बाबा परत," ती हळू म्हणाली. "गप झालं की ती इचार करत बसंल. आन् मग तिला कळंल."

"पण आज्जी, नाव..."

"लाव म्हनते न्हवं."

मी वायर परत खोचली. रेकॉर्ड आधी जडपणे, बसक्या आवाजात फिरली, मग तिने वेग धरला, आणि निंगप्पाने घाईघाईने स्क्रू पिळून तिला पुन्हा केराबाईच्या सुरात आणून बसवलं.